डोंगरातल्या रिसॉर्टवर गोल्फ: मुक्काम कसा आखावा, खेळ कसा जुळवावा

दरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

डोंगरातल्या रिसॉर्टवर मुक्काम आणि जोडीला गोल्फ, हा बेत बरेचजण वर्षभर मनात घोळवत असतात. जाऊन आल्यावर मात्र दोन तट पडतात. एक तट पुढच्या वर्षीच्या तारखा ठरवूनच परततो. दुसरा म्हणतो, जागा सुंदर होती पण खेळ काही जमला नाही. चेंडू हरवले, पाय भरून आले, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) तीन-तीन पट, म्हणजे जमिनीलगतचे हलके फटके, लागले. या दुसऱ्या तटातल्या मंडळींना मी खोदून विचारतो तेव्हा बहुतेकांचं उत्तर सारखंच निघतं: संध्याकाळी पोचलो, सकाळी अठरा होल (कोर्सचे अठरा टप्पे, म्हणजे पूर्ण फेरी) खेळलो आणि लगेच निघालो.

माझं ठाम मत आहे की डोंगरातला कोर्स एका फेरीत उरकायचा नसतोच. निदान तीन रात्री राहा. पोचलात त्या दिवशी बॅगेतून फक्त पटर (ग्रीनवर वापरायची काठी) आणि एखादं वेज (जवळून उंच मारायची काठी) बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी नऊ होल, तेही स्कोअर न मांडता. तिसऱ्या दिवशी अठरा. तीन रात्री जमत नसतील तर दोन करा, पण मग अठराचा हट्ट सोडा. कारणं देतो. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी जरूर खोडून काढावं.

पहिलं कारण हवा. समुद्रसपाटीच्या मानाने 1,500 मीटरवर हवेची घनता साधारण 14 टक्क्यांनी कमी असते, 2,000 मीटरवर 18 टक्क्यांच्या आसपास. रोध कमी, म्हणून चेंडू लांब जातो. ढोबळ हिशेब असा: 1,500 मीटरवर सुमारे 6 टक्के जास्त, 2,000 मीटरवर साडेसातच्या आसपास. एरवी 150 यार्ड जाणारा फटका तिथे 160 पर्यंत पोचतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण चेंडूला वर उचलून धरणारा जोरही हवेकडूनच मिळतो. उलटी फिरकी आणि चेंडूवरचे खळगे यांचं काम हवेच्या भरवशावर चालतं. विरळ हवेत ही उचल घटते, चेंडू नेहमीइतका चढत नाही आणि उतरताना चपट्या कोनात उतरतो. मग ग्रीनवर पडून थांबायच्या ऐवजी ओल्या फरशीवरून साबणाची वडी निसटावी तसा ग्रीन ओलांडून पलीकडे निघून जातो. आणि डोंगरातल्या ग्रीनच्या मागे बहुधा उतार असतो, त्याखाली झाडी. अंतराचा हिशेब बरोबर करूनही चेंडू जातो तो असा. म्हणून माझा नियम: होलमधल्या झेंड्याचं अंतर नव्हे, ग्रीनच्या पुढच्या, म्हणजे आपल्याकडच्या, काठाचं अंतर धरून क्लब (काठी) निवडायचा.

दुसरं कारण डोळे. चारी बाजूंनी जमीन तिरकी असली आणि क्षितिज दिसत नसलं की डोळ्यांचा सपाटपणाचा अंदाजच बिघडतो. आख्खी दरी एका अंगाला कललेली असेल तर तो कल डोळा सपाट म्हणून धरून चालतो. मग चढाचा वाटणारा पट प्रत्यक्षात उताराचा निघतो आणि चेंडू होलच्या दोन मीटर पुढे जाऊन थांबतो. ही सवय एका सकाळीत मोडत नाही, म्हणून पहिला दिवस पटरसाठी ठेवायचा.

तिसरं, पाय आणि दम. सपाटीवर अठरा होल चालत खेळताना 8 ते 10 किलोमीटर होतात. डोंगरात एका ग्रीनवरून पुढच्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) जाताना चढ लागतो आणि शेवटच्या चार-पाच होलांना स्विंगमधला, म्हणजे क्लब फिरवतानाचा, पायांचा आधारच जातो. त्यात हवेत प्राणवायूचा दाब कमी. पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढून दम लागला तर घाबरू नका, पण लगेच अठरा होलही खेळू नका.

तुमचे अनुभव, शंका, विरोधी मतं येऊ द्या.

---

आयर्न_सात

धागा आवडला. हवेच्या मुद्द्यात एक भर घालतो, कारण "6 टक्के" हा आकडा पाठ करून गेलं की सकाळी फसायला होतं.

घनता फक्त उंचीवर ठरत नाही, तापमानावरही ठरते. 1,500 मीटरवर पहाटे 5 अंश असेल आणि आपण 30 अंशांच्या समुद्रकाठच्या सवयीने खेळत असू, तर हवा आपल्या नेहमीच्या हवेपेक्षा जेमतेम 9 टक्के विरळ असते. त्याच जागी दुपारी 25 अंश झाले की फरक 15 टक्क्यांवर जातो. म्हणजे एकाच कोर्सवर, एकाच दिवशी, पहिल्या टीला वेगळा खेळ आणि पंधराव्या टीला वेगळा. शिवाय थंडीत चेंडूचा गाभा कडक होतो आणि उसळी कमी मिळते, अंगावर जाड कपडे असतात, खांदे पुरते वळत नाहीत. सकाळच्या पहिल्या तीन-चार होलांना मी उंचीचा फायदा धरतच नाही. ऊन अंगावर आलं, जाकीट उतरवलं की धरायला लागतो.

आणखी एक. लांबीतली वाढ सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्यांचा स्विंग वेगवान आहे, चेंडू उंच जातो, त्यांना ड्रायव्हरवर (सगळ्यात लांब मारायच्या क्लबवर) जास्त मिळते. सावकाश स्विंगवाल्यांना कमी, कारण त्यांचा चेंडू मुळात उचलीच्या जोरावरच हवेत टिकून असतो. वेजच्या छोट्या फटक्यांत फरक किरकोळ. त्यामुळे सगळ्या क्लबांना एकच टक्केवारी लावू नका.

---

माळरान

मी असं ऐकलं होतं की दमट हवा जड असते आणि डोंगरातली कोरडी हवा हलकी, म्हणून चेंडू लांब जातो. यात तथ्य आहे का?

---

आयर्न_सात

@माळरान, उलटं आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू कोरड्या हवेतल्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, 18 विरुद्ध 29. त्यामुळे तापमान आणि दाब तेच असतील तर दमट हवा किंचित हलकी भरते. पण हा फरक इतका बारीक आहे की खेळताना सोडून द्यावा. ढगात, बारीक भुरभुरीत चेंडू कमी जातो तो गवत ओलं झाल्याने. क्लबच्या तोंडावर पाणी येतं, फिरकी बिघडते, चेंडू पडून पुढे धावत नाही. दोन टॉवेल बाळगा, एक पूर्ण कोरडा राहील अशा बेताने.

---

प्रभातफेरी

सगळ्यांशी सहमत, पण दरीकाठदादा, "पहिल्या दिवशी खेळू नका" हे जरा टोकाचं वाटलं. आम्ही दोघं नवरा-बायको दोन्ही साठीच्या पुढचे. पोचल्यावर दोन तास झोप काढतो, मग उतरत्या उन्हात पाच-सहा होल खेळतो. कोर्सवर तेव्हा गर्दी नसते, मागून कुणी घाई करत नाही. त्या पाच-सहा होलांत कोर्सचा स्वभाव जितका कळतो तितका सरावाच्या ग्रीनवर तासभर घालवून कळत नाही. टीवरून खाली दरीत मारायचा फटका सराव-ग्रीनवर कुठून मिळणार?

मात्र दुपारच्या ढगांवर लक्ष ठेवावं लागतं. डोंगरात उन्हाने तापलेली हवा उतारांवरून वर चढते आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस उभा राहायला वेळ लागत नाही. सकाळी लख्ख निळं आभाळ होतं या भरवशावर दुपारी दीडची वेळ घेऊ नये. आम्ही खेळतो ते आभाळ मोकळं असेल तरच.

---

दरीकाठ

@प्रभातफेरीताई, तुमचा मुद्दा पटतो, विशेषतः उंचावरच्या टीबद्दल. माझी हरकत स्कोअर मांडून खेळायला आहे. तुम्ही म्हणता तशा मोकळ्या पाच-सहा होलांना नाही.

विजेबद्दल मात्र कुणीही हयगय करू नये. मेघगर्जना कानावर आली याचा अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजले तर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण मोजत उभं राहण्यापेक्षा चालायला लागा. गोल्फच्या नियमावलीतला नियम 5.7 खेळाडूच्या बाजूने आहे: विजेचा धोका आहे असं आपल्याला रास्तपणे वाटलं तर स्पर्धेतसुद्धा खेळ थांबवता येतो, कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. आणि स्पर्धेच्या समितीने तातडीने थांबायचा भोंगा दिला की हातातला फटकाही मारायचा नाही. एकट्या झाडाखाली जायचं नाही, नुसतं छप्पर असलेल्या उघड्या शेडमध्ये नाही, छत्री उघडून तर नाहीच. पक्की इमारत किंवा बंद मोटार. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडू नये. डोंगरात आवाज कड्यांमुळे अडतो, त्यामुळे ढग पलीकडच्या बाजूला असला तर तो ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. रिसॉर्टवर पोचल्या पोचल्या भोंगा कसा वाजतो आणि आडोशाच्या जागा कुठे आहेत एवढं विचारून घ्या.

---

नवखी_गोल्फर

मी गेल्या वर्षीच खेळायला लागले. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) अजून मोठा आहे. मैत्रिणींबरोबर अशा एका रिसॉर्टवर जायचं ठरतंय. दोन प्रश्न आहेत.

१) उंचावरून खाली मारताना किती अंतर वजा करायचं?
२) चेंडू पायांच्या वर किंवा खाली असला की मी गोंधळून जाते. सोपं काही सांगाल का?

---

आयर्न_सात

पहिल्याचं उत्तर देतो. प्रचलित नियम आहे: जितके यार्ड खाली, तितके यार्ड वजा. ग्रीन 20 यार्ड खाली आणि अंतर 150, तर 130 चा फटका. हा नियम चेंडू 45 अंशांत उतरतो असं धरून आहे. वेज त्याहून उभं उतरतं, म्हणून वेजला थोडं कमी वजा करा. ड्रायव्हर चपटा उतरतो, तिथे 20 यार्ड खाली असेल तर 25 पर्यंत जास्त जातो. चढावर हाच हिशेब उलटा.

पण खाली मारताना चेंडू जास्त वेळ हवेत राहतो आणि तेवढा वेळ वारा त्याला ढकलत असतो. टीवर झाडांच्या आडोशाने वारा जाणवत नाही, दरीच्या मधोमध तो जोरात असतो. मी समोरच्या उतारावरच्या झाडांचे शेंडे बघतो. आपल्या डोक्यावरचे नव्हे, चेंडू जिथून जाणार त्या उंचीवरचे.

---

सावकाश_चाल

दुसऱ्याचं उत्तर मी देते, कारण मला स्वतःला हे शिकायला बराच काळ लागला आणि आता शिकवायला आवडतं.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगते. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो. पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. समोर चढ असेल तर उंच जातो, कमी जातो, थोडा डावीकडे ओढला जातो. समोर उतार असेल तर खालून जातो, पडून जास्त धावतो, उजवीकडे झुकतो. क्लबच्या तोंडाचा कोन जितका जास्त, तितका हा डावा-उजवा फरक जास्त. वेज सगळ्यात जास्त वळतं, लांब आयर्न (लांब दांड्याचा, कमी कोनाचा क्लब) कमी.

आता करायचं काय. समोर उतार किंवा चढ असेल तर खांद्यांची रेघ जमिनीला समांतर करा. उतारावर पुढचा खांदा खाली जातो, चढावर वर. वजन खालच्या पायावर येईल, येऊ द्या. चेंडू वर असेल तर क्लब आखूड धरा, मूठ खाली घ्या. चेंडू खाली असेल तर गुडघे वाका आणि फटका पुरा होईपर्यंत वाकलेलेच ठेवा. क्लब चेंडूच्या नुसत्या माथ्याला लागतो तो बहुतेक वेळा गुडघे मधेच उठल्याने. स्विंग तीन-चतुर्थांश. तोल गेला तर फटका गेला, म्हणून एक क्लब मोठा घ्या आणि कमी जोराने मारा.

यासाठी सपाट सराव-पट्टी उपयोगाची नाही. फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला, कुणी खेळत नसताना, नुसते रिकामे स्विंग करा. क्लब गवताला कुठे लागतो ते बघा. तिरक्या जमिनीवर गवत घासल्याची जागा पायांच्या मधोमध येत नाही, वरच्या पायाकडे सरकते. चेंडू तिथे ठेवायचा. हे एकदा बघितलं की पुस्तकी नियम आठवावे लागत नाहीत.

---

नवखी_गोल्फर

सावकाशताई, हे मी लिहून ठेवलं. गवत घासल्याची जागा बघायची ही युक्ती कुणीच सांगितली नव्हती. खूप आभार!

---

माळरान

माझा प्रश्न यंत्रांबद्दल. अंतर मोजायच्या दुर्बिणीत चढ-उताराचा हिशेब करून दाखवायची सोय असते. ती वापरली तर वरच्या सगळ्या आकडेमोडीची गरजच उरत नाही ना?

---

दरीकाठ

मित्रांसोबत हौसेने खेळताना खुशाल वापरा. स्पर्धेत किंवा हँडिकॅपसाठी नोंदवायच्या फेरीत नाही. 2019 च्या नियमांपासून अंतर मोजायला सर्वसाधारण मुभा आहे, पण उंचीतला फरक मोजायला नियम 4.3 प्रमाणे बंदी आहे. ती सोय बंद करता येत असेल तर बंद करून तेच यंत्र चालतं.

आता माझं मत. दुर्बीण उतार सांगेल, पण पहाटेचा गारठा, चपटा उतरणारा चेंडू आणि ग्रीनचा टणकपणा ती सांगत नाही. पहिल्या नऊ होलांत मी प्रत्येक आयर्नच्या फटक्यानंतर चेंडू कुठे पडला आणि कुठे थांबला हे दोन्ही टिपून ठेवतो. पडण्याची जागा आणि थांबण्याची जागा यांतलं अंतर हेच त्या कोर्सवरचं खरं ज्ञान. तिसऱ्या दिवशी ते कामी येतं. 2017 ते 2020 मेक्सिको सिटीजवळच्या चापुल्टेपेक क्लबवर मोठी व्यावसायिक स्पर्धा होत असे. तो कोर्स 2,300 मीटरहून उंच आहे. जगातले अव्वल खेळाडूसुद्धा तिथे आधी दोन-तीन दिवस सरावाला जाऊन प्रत्येक क्लबचं अंतर नव्याने बसवत. मग आपण पहिल्याच सकाळी स्कोअर मांडायची घाई का करावी?

---

वाफाळ

धाग्यात सगळे खेळावरच बोलताहेत, मुक्कामावर कमी. रिसॉर्ट निवडताना मी काय विचारतो ते सांगतो.

कोर्स रिसॉर्टच्या आवारात आहे की गाडीने जावं लागतं, हे सगळ्यात आधी. जाहिरातीत "जवळच" असं लिहिलेलं असतं आणि ते जवळ म्हणजे वळणावळणाचा पाऊण तासाचा घाट निघतो. पहाटेची वेळ घेतलीत तर तो घाट अंधारात करायचा.

मग विचारतो: ग्रीनना भोकं कधी पाडली? मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीनवर ठरावीक काळाने भोकं पाडून वाळू भरतात. पुढचे दोन-तीन आठवडे पट उड्या मारत जातो. काम गरजेचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण उंचावर गवत वाढायचा हंगाम आखूड असतो, त्यामुळे हे काम हंगामाच्या सुरुवातीला किंवा शेवटाला येतं, आणि नेमक्या त्याच वेळी खोल्या स्वस्त असतात. आरक्षणाच्या फोनवर हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं की सांगतात.

तिसरं, बूट आणि हातमोजे वाळवायला गरम जागा आहे का. डोंगरात दव इतकं पडतं की तीन होलांत बूट भिजतात आणि थंड खोलीत ते रात्रभर वाळत नाहीत. दोन जोड न्या. चौथं, कोर्सवर चालत खेळू देतात का, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) मिळतो का, की बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) सक्तीची आहे. काही कोर्सवर होलांमधली चढण इतकी असते की चालायला परवानगीच नसते.

चेंडू आणि बॅग रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका, खोलीत आणा. गारठलेला चेंडू मेल्यासारखा जातो. अवांतर: तो शेकून गरम करायचा विचार मनात आला तर सोडून द्या. मुद्दाम तापवून गुणधर्म बदललेल्या चेंडूने खेळलं तर नियम 4.2 प्रमाणे थेट बाद.

---

प्रभातफेरी

वाफाळ, बुटांचा मुद्दा अगदी योग्य. त्याला जोडून दवबर्फाबद्दल लिहिते, कारण यावरून काउंटरवर नेहमी वाद होताना बघते.

थंडीच्या सकाळी पहिली वेळ साडेसहाची असते आणि स्टार्टर (पहिल्या टीवर खेळाडूंना वेळेप्रमाणे सोडणारा) म्हणतो, दीड तास थांबा. लोक चिडतात: ऊन तर पडलंय! पण गवताच्या पात्यातलं पाणी गोठलेलं असताना त्यावर पाय पडला की पेशी फुटतात. त्या क्षणी काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी त्याच ग्रीनवर गेलात तर तपकिरी पावलं उमटलेली दिसतात, टाचेचा गोल आणि पुढचा चवडा वेगवेगळा ओळखू यावा इतकी स्पष्ट. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं, त्याला सावरायला कितीतरी दिवस लागतात. ज्या माणसाने ते वर्षभर जपलं त्याच्यावर ओरडू नका. त्या दीड तासात सराव-पट्टीवर मॅटवरून चेंडू मारा किंवा परत पांघरुणात शिरा. दरीकाठदादांच्या तीन रात्रींच्या बेताचा इथेही फायदा होतो, दीड तास गेला तर जीव तुटत नाही.

---

माळरान

बग्गीबद्दल एक विचारतो. उतारावर ती धोकादायक असते का? आमच्या गटात दोघांचे गुडघे दुखरे आहेत, चालणं शक्यच नाही.

---

वाफाळ

बग्गी घ्याच, फक्त तिला मोटारीसारखं समजू नका. वजनाने हलकी आणि बाजूला दारं नाहीत. उताराला आडवी चालवू नका, सरळ वर किंवा सरळ खाली. उतरताना वेग आधीच कमी करा. वळणावर ब्रेक दाबाल तर ओल्या गवतावर मागची चाकं सरकतात. पाय बाहेर लोंबकळत ठेवायचा नाही. थांबलात की हँडब्रेक पूर्ण लागल्याचा आवाज ऐकूनच उतरायचं, आणि चाकं वर चढाच्या दिशेने वळवून ठेवायची. पाऊस झाला असेल तर फक्त पक्क्या वाटेवरून न्यावी.

दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त जाचतो. बग्गीपासून चेंडूपर्यंत उतरताना नागमोडी चाला आणि सोबत तीन क्लब न्या, म्हणजे परत चढायची वेळ येत नाही.

---

सावकाश_चाल

ग्रीनवर डोळे फसतात हे दरीकाठदादांनी लिहिलं आहे, पण उपाय लिहिला नाही. माझी पद्धत सांगते.

ग्रीनवर पोचण्याआधी, तीसेक पावलं लांब असतानाच थांबते आणि आख्ख्या ग्रीनकडे बघते. पाऊस पडला तर पाणी कुठल्या बाजूने वाहून जाईल? ग्रीन बांधणाऱ्याने ते ठरवलेलं असतंच. आसपास तळं असेल तर फारच बरं, पाण्याची पातळी खोटं बोलत नाही. त्या रेघेशी ग्रीनचा काठ ताडून बघायचा. डोंगराचा मुख्य उतार कुठल्या दिशेला आहे ते क्लबहाउसमधून निघतानाच बघून ठेवायचं. ग्रीनवर शंका आली की चेंडू डोंगरापासून दूर, दरीकडे वळणार असं धरायचं. बहुतेक वेळा खरं ठरतं.

मग चेंडू आणि होल यांच्या मधोमध, खालच्या अंगाला उभी राहते. दोन्ही पाय जोडून, पटर हातात न घेता. डोळे क्षणभर मिटते. वजन कुठल्या पायाच्या कडेवर जातंय ते तळव्याला लगेच कळतं: चवड्यांवर की टाचांवर, डाव्या कडेवर की उजव्या. डोळ्यांना दरी फसवते, तळव्याला फसवत नाही. वेळही लागत नाही, दुसरा खेळाडू पट करत असताना हे उरकतं. आणि फटक्यापुरतं एकच ठरवते, वळण की वेग. डोंगरात वेग आधी. वेग चुकला तर वळणाचा सगळा अंदाज फुकट जातो.

---

नवखी_गोल्फर

अजून एक शंका. त्या रिसॉर्टच्या कोर्सचं स्लोप रेटिंग 136 आहे. म्हणजे कोर्स खूपच चढ-उताराचा असणार का? माझ्यासारखीने जाऊ नये का?

---

आयर्न_सात

नाही नाही, जरूर जा. तो आकडा जमिनीच्या चढ-उताराचा नाही. निष्णात खेळाडूच्या मानाने साध्या खेळाडूला तो कोर्स किती जास्त जड जातो, त्याचं ते माप आहे. 55 ते 155 मध्ये असतं, 113 हे प्रमाण मानलेलं. 136 म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना कोर्स त्रास देणार, पण त्याबदल्यात फटकेही जास्त मिळतात. इंडेक्स (तुमच्या हँडिकॅपचा आकडा) 18 असेल आणि कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) पारइतकंच, म्हणजे कोर्ससाठी ठरवलेल्या फटक्यांइतकंच, असेल तर 18 गुणिले 136 भागिले 113, म्हणजे 22 फटके मिळतील. इंडेक्स त्याहून मोठा असेल तर अजून जास्त. शिवाय रेटिंग ठरवताना 2,000 फुटांहून (सुमारे 600 मीटर) उंच असलेल्या कोर्सची उंची आधीच हिशेबात धरलेली असते.

सगळ्यात पुढच्या, म्हणजे होलला जवळच्या, टीवरून खेळा. मैत्रिणी मागे ओढतील, ऐकू नका. आणि दरीत चेंडू गेल्यासारखा वाटला की लगेच "प्रोव्हिजनल" (पहिला सापडला नाही तर धरायचा तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट सांगून दुसरा मारा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात आणि डोंगरात परत टीपर्यंत चढून जाणं म्हणजे पुढच्या दोन होलांचा दम तिथेच संपवणं. लाल खुंट्यांनी आखलेल्या दंड-क्षेत्रात गेला असेल तर मात्र प्रोव्हिजनल नाही; जिथून आत गेला तिथून दोन क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता, एक फटका दंड घेऊन ड्रॉप, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडायचा.

---

माळरान

डोंगरातल्या गोल्फचा विषय निघालाय तर स्पॅनिश गोल्फर सेव्हे बालेस्टेरोसचा तो फटका कुणीच कसा आठवला नाही? 1993 ची युरोपियन मास्टर्स, स्वित्झर्लंडमधलं क्रान्स, साधारण 1,500 मीटर उंची. शेवटच्या होलला ड्राइव्ह (टीवरचा पहिला लांब फटका) उजवीकडे गेला आणि चेंडू एका उंच भिंतीच्या मागे, झाडांखाली. कॅडी विनवत होता की बाजूला काढून टाक. त्याने वेज घेतलं, भिंतीवरून आणि फांद्यांच्या फटीतून चेंडू काढला, ग्रीनच्या अलीकडे टाकला आणि तिथून चिप (छोटा उचललेला फटका) थेट होलमध्ये घालून बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. स्पर्धा एका फटक्याने हुकली, पण त्या जागी आज त्याच्या नावाची पाटी आहे आणि कोर्सलाही त्याचंच नाव आहे.

---

दरीकाठ

व्वा माळरान, बरं झालं आठवण काढलीत! मला त्या फटक्यात सगळ्यात जास्त हे आवडतं की त्याने चेंडू ग्रीनच्या अलीकडे टाकला. तसल्या अडचणीतूनही पुढच्या काठाचाच विचार.

डोंगरातले कोर्स बांधणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. कॅनडातल्या बॅन्फचा स्टॅनली थॉम्पसनने आखलेला कोर्स 1928 मध्ये खुला झाला. त्यातलं "डेव्हिल्स कॉल्ड्रन" हे पार तीनचं होल उंच टीवरून हिमनदीच्या तळ्यापलीकडे मारायचं आहे, मागे सरळ उभा डोंगर. टीवर उभं राहिलं की त्या भिंतीमुळे ग्रीन आहे त्याहून जवळ वाटतं, आणि अंतर माहीत असूनही हात आखडतो. थॉम्पसनला हे कळत होतं. असं होल खेळायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहायला मिळावं, यासाठीच मी तीन रात्री म्हणतो.

---

प्रभातफेरी

तब्येतीबद्दल थोडं. उंचीचा खरा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, हा बहुधा 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. त्या उंचीवर थेट पोचत असाल तर पहिली संध्याकाळ मद्य टाळा, पाणी पीत राहा आणि डोकं दुखत असेल तर आणखी वर जाऊ नका. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. कमी उंचीवरही कोरड्या हवेत तहान लागल्याचं कळत नाही आणि घाम लगेच वाळतो, म्हणून दर दोन होलांना पाणी. ऊनही गार वाटतं पण भाजतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. कान आणि हातमोजा नसलेल्या हाताची पाठ, या दोन जागा हमखास राहून जातात.

---

नवखी_गोल्फर

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तीन रात्रींचंच ठरवतोय. आमच्यातल्या दोघी खेळत नाहीत, त्यांचं काय करावं?

---

दरीकाठ

फार छान! न खेळणाऱ्या दोघींसाठी हेच वेळापत्रक सोयीचं आहे, कारण पहिल्या दोन दिवशी तुम्ही अडीच-तीन तासांत मोकळ्या होता. नऊ होलांच्या दिवशी त्यांना सोबत चालायला बोलवा. बऱ्याच कोर्सवर प्रेक्षक म्हणून येऊ देतात, आधी विचारून घ्या. बूट सपाट तळाचे हवेत, ग्रीनवर पटच्या रेषेत पाय द्यायचा नाही, आणि कुणी टीवर उभी राहिली की थांबायचं. एवढं सांगितलं की पुरे. एकीच्या हातात झेंडा द्या, दुसरीला चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवायला सांगा. टीच्या बाजूला, थोड्या खालच्या अंगाला उभी राहिलेली व्यक्ती चेंडू आभाळाच्या पार्श्वभूमीवर बघते, मारणाऱ्यापेक्षा तिला तो नीट दिसतो. झाडीत गेलाच तर एखादं ठळक झाड किंवा खडक धरून ठेवायला सांगा, तीन मिनिटांत सापडायची शक्यता बरीच वाढते.

अठरा होलांच्या दिवशी मात्र त्यांना झोपू द्या. वेळ सकाळची पहिली किंवा दुसरी घ्या, दवबर्फाचा हंगाम असेल तर तिसरी-चौथी. आरक्षण करतानाच तिन्ही दिवसांच्या वेळा मागून घ्या, खोली मिळाली म्हणजे टी-टाइम मिळालाच असं नसतं.